लिंगाचा कॅन्सर आणि जांघेतल्या गाठी: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तयारी, पद्धत आणि नंतरचे आठवडे

लिंगावरची जखम किंवा गाठ काढून झाली की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण या आजारात पुढचं बरंचसं जांघेवर ठरतं. हा कॅन्सर पायरीपायरीने पसरतो. आधी जांघेतल्या वरच्या थरातल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका हा शरीरातला पाण्यासारखा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी), मग खोल थरात, तिथून ओटीपोटात. जांघ ओलांडून थेट ओटीपोटात सहसा जात नाही. त्यामुळे हे नोड शस्त्रक्रियेने काढून जांघेतच त्याला गाठलं तर रोग मुळापासून जाण्याची संधी असते, आणि ती संधी बहुधा एकदाच मिळते.

खानदेशात एक अडचण हमखास येते. केळीच्या बागेत किंवा कपाशीत काम करणाऱ्याच्या पायाला काटा, चिखली, टाचेच्या भेगा हे नेहमीचंच. त्याने जांघेत अवधान येतं हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून जांघेत गाठ लागली की माणूस कारण पायात शोधतो, लेप लावतो आणि दोन महिने घालवतो. लिंगावर कॅन्सर सापडलेला असेल तर जांघेतल्या गाठीला अवधान म्हणून सोडून देऊ नका. गाठ जंतुसंसर्गाने फुगलेली असू शकते, पण ते सुईने तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही. पूर्वी चार-सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन गाठ बसते का बघायची पद्धत होती. आता तशी वाट पाहत नाहीत, हाताला गाठ लागली की लगेच सुईची तपासणी करतात.

गाठ लागत नाही, तरी ऑपरेशन का?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. जांघ हाताला अगदी साफ लागत असली तरी साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एकाच्या नोडमध्ये सूक्ष्म कॅन्सर असतो. तो सोनोग्राफीत दिसत नाही, सीटी स्कॅनमध्येही सुटतो. आणि गाठ मोठी होईपर्यंत थांबून केलेल्या ऑपरेशनपेक्षा आधीच केलेल्या ऑपरेशननंतर रुग्ण कितीतरी जास्त जगतात.

प्रत्येकाला मात्र हे लागत नाही. निर्णय मूळ जागेच्या बायोप्सी रिपोर्टवर होतो, म्हणून तो कागद नीट वाचून घ्या. त्यात चार गोष्टी शोधा: कॅन्सर किती खोल गेला आहे, ग्रेड कोणती (पेशी किती आक्रमक दिसतात), लसिका किंवा रक्तवाहिन्यांत शिरला आहे का, नसांभोवती (मज्जातंतूंभोवती) गेला आहे का. ग्रेड कमी, खोली कमी आणि वाहिन्या-नसा मोकळ्या असतील तर जांघेवर नियमित लक्ष ठेवून भागू शकतं. टी-१बी किंवा टी-२ आणि त्यापुढचा टप्पा (टी म्हणजे मूळ गाठ किती पुढे गेली त्याची खूण) असेल तर गाठ लागत नसली तरी दोन्ही जांघा तपासाव्या लागतात. दोन्ही अशासाठी, की लिंगाचा लसिकाप्रवाह मधोमध एकमेकांत मिसळतो. जखम डावीकडे आहे म्हणून उजवी जांघ सुरक्षित, असं नसतं. हे काम निदानापासून तीन महिन्यांच्या आत उरकायला हवं. "कापूस निघाला की बघू" म्हणून दिवाळीनंतर ढकललेली तारीख इथे महागात पडते.

तीन वाटा आणि त्यातली दुर्बिणीची

पहिली वाट सेंटिनेल नोडची. लिंगाजवळ टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ आणि रंग टोचतात, तो ज्या नोडमध्ये आधी पोचतो तेवढाच काढून तपासतात. पायाला सगळ्यात कमी त्रास यात होतो, आणि गाठ लागत नसलेल्या रुग्णासाठी, सोय असेल तिथे, ही पहिली पसंती. पण न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, गॅमा प्रोब (किरणोत्सार हुडकणारी कांडी) आणि या कामाचा सराव असलेली टीम लागते. अशी सोय मोठ्या केंद्रांत असते. खानदेशातून त्यासाठी बहुधा मुंबईची वाट धरावी लागते.

दुसरी वाट जांघेवर लांब चीर देऊन उघडी शस्त्रक्रिया. जुनी आणि भरवशाची, पण जखमेच्या कटकटी जास्त. जांघेची कातडी घडीत असते, घाम येतो, हालचाल थांबत नाही. चिरेच्या कडा काळ्या पडणं, टाके उघडणं, पू होणं हे वारंवार घडतं.

तिसरी वाट दुर्बिणीची, तिला डॉक्टर ‘व्हेल’ (VEIL, दुर्बिणीतून जांघेतले नोड काढण्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) म्हणतात. ब्राझीलमधल्या सर्जनांनी २००० नंतरच्या दशकात ती रुग्णांवर रुळवली. पुढे तेच काम रोबोटच्या हातांनीही होऊ लागलं. चीर जांघेच्या घडीवर नसते, खाली मांडीवर तीन छिद्रं असतात. त्यामुळे कातडी मरण्याचं आणि जखम उघडण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं.

पण छिद्रं लहान म्हणून ऑपरेशन लहान असं समजू नका. आतून काढायचं तेवढंच काढतात. तुटलेल्या लसिकावाहिन्या तितक्याच असतात, म्हणून पाणी साचणं आणि पाय सुजणं हे त्रास उघड्या शस्त्रक्रियेसारखेच राहतात. दुर्बिणीने वाचते ती कातडी. ही एक गोष्ट मनात पक्की असेल तर नंतरच्या महिन्यात फसल्यासारखं वाटत नाही.

दुर्बीण कुणासाठी नाही, तेही बघून घ्या. गाठ कातडीला चिकटलेली असेल, हलत नसेल, फुटून वाहत असेल किंवा मोठी, साधारण चार सेंटिमीटरच्या पुढची असेल तर दुर्बिणीचा हट्ट धरू नये. अशा वेळी बहुधा आधी केमोथेरपी देतात (पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फमाइड आणि सिसप्लॅटिन, तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा) आणि नंतर उघडी शस्त्रक्रिया करतात. लहान, हलणारी गाठ सुईत कॅन्सरची निघाली तर दुर्बिणीने करावं की उघडं, यावर सर्जनांत एकमत नाही. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला उघडी शस्त्रक्रियाच सुचवतात. "तुम्ही या ऑपरेशनमध्ये एका बाजूला साधारण किती नोड काढता?" हा प्रश्न सर्जनला बेधडक विचारा. सात-आठ किंवा त्याहून जास्त हे पटण्यासारखं उत्तर आहे.

ऑपरेशनच्या आधी

तंबाखू, विडी, मिस्री सगळं त्याच दिवशी बंद. निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि या ऑपरेशनमध्ये कातडीचा पापुद्रा अगोदरच कमी रक्तावर जगणार असतो. साखर आटोक्यात आणा. मूळ जागेवर पू असेल तर आधी ती जागा स्वच्छ आणि कोरडी व्हायला हवी, नाहीतर तेच जंतू जांघेत उतरतात. बोटांच्या बेचक्यातली चिखली आणि टाचेच्या भेगा आठवडाभर आधीपासून मलम लावून भरून काढा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण पायातला संसर्ग त्याच लसिकावाहिन्यांतून जांघेत येतो. जांघेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. कापलं की जंतूंना वाट मिळते. रुग्णालयात क्लिपरने काढतात.

रक्त पातळ करणारी गोळी (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. मनाने बंद करू नका.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी मंजुरी घ्यावी लागते. ऑपरेशन झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. दुर्बिणीचं किंवा रोबोटचं वेगळं बिल लागणार का, क्लिप आणि स्टेपलरचे पैसे बाहेरून भरावे लागणार का, हे आधीच स्पष्ट विचारून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल तर जळगाव-भुसावळकडून गाडीने दादरला उतरणं सोयीचं. नंदुरबारकरांना सुरतेवरूनही जाता येतं. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत आहे, रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला भरून घ्यावा.

टेबलावर काय होतं

पूर्ण भूल देतात, लघवीची नळी घालतात, चीर देण्याआधी अँटिबायोटिकचा डोस देतात. पाय गुडघ्यात वाकवून बाहेर वळवतात, बेडूक बसतो तसा. मग कातडीवर पेनने त्रिकोण आखतात: वरची रेघ कमरेच्या पुढच्या हाडापासून जांघेतल्या हाडाच्या टोकापर्यंत, बाहेरची बाजू सार्टोरियस स्नायूवरून, आतली अॅडक्टर लाँगस स्नायूवरून. दोन्ही बाजू खाली मांडीवर जिथे मिळतात ते टोक.

टोकाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली दीड-दोन सेंटिमीटरचं पहिलं छिद्र. त्यातून बोट घालून कातडीखालचा थर सोडवतात आणि दुर्बिणीला जागा करतात. मग दोन्ही बाजूंना एकेक छिद्र, त्यातून हत्यारं. कार्बन डायऑक्साइड भरून पोकळी उघडी ठेवतात. सुरुवातीला दाब १२ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात), जागा झाली की उतरवून ८ ते १०. दाब जास्त ठेवला की वायू कातडीखालून पोटापर्यंत, वृषणाच्या पिशवीपर्यंत पसरतो आणि रक्तात शोषला जातो, म्हणून भूलतज्ज्ञ श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून असतात. ऑपरेशननंतर पोटाच्या खालच्या भागावर बोट दाबलं तर कुरकुर आवाज येतो तो याच वायूचा. दोन-तीन दिवसांत जिरतो.

खरी कसोटी कातडीचा पापुद्रा किती जाड ठेवायचा याची. पातळ ठेवला तर रक्त न पोचून कातडी काळी पडते. जाड ठेवला तर वरच्या थरातले नोड त्यालाच चिकटून मागे राहतात आणि कॅन्सर तिथेच उगवतो. सर्जन त्यासाठी कातडीखालच्या पांढुरक्या आवरणाच्या पातळीवर राहतात. थिएटरमधले दिवे मंद केले की दुर्बिणीचा उजेड कातडीतून बाहेर दिसतो, आणि कुठवर सोडवून झालं, कुठे कातडी नको तितकी पातळ होत आहे, हे त्या लालसर उजेडावरून बाहेरूनच कळतं.

खालचा थर म्हणजे मांडीच्या स्नायूंवरचं चिवट आवरण. वरचा पापुद्रा आणि हे आवरण यांच्यामधली सगळी चरबी, त्यातल्या नोडसकट, एका तुकड्यात उचलायची असते. आतल्या बाजूने वर जाणारी मोठी सॅफिनस शीर शक्यतो वाचवतात. ती राहिली तर पाय कमी सुजतो. तिच्या लहान फांद्या क्लिप लावून तोडतात. शीर वर जिथे मांडीच्या मुख्य शिरेला मिळते, तो जोड सगळ्यात धोक्याचा. तिथे ओढाताण झाली की रक्त वेगाने येतं, आणि दुर्बिणीतून आवरलं नाही तर चीर वाढवून उघडं करावं लागतं. ते सर्जनचं अपयश नव्हे, शहाणपण आहे. संमतीपत्रावर "गरज पडल्यास उघडी शस्त्रक्रिया" असं लिहिलेलं असतं ते यासाठी.

मुख्य शिरेच्या आतल्या बाजूचे खोल नोड, अगदी वरचा क्लोकेचा नोड धरून, नंतर घेतात. धमनीच्या बाहेर सहसा जात नाहीत, तिथे मज्जातंतू आहे आणि काढण्यासारखं फारसं काही नाही. लसिकावाहिन्यांची तोंडं नुसती जाळून भागत नाही, त्यांना क्लिप लावावी लागते किंवा नीट सील करणारं यंत्र वापरावं लागतं. इथे केलेली घाई पुढे ड्रेनच्या (साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) डब्यात दिसते. निघालेला तुकडा पिशवीत घालूनच बाहेर काढतात, छिद्राच्या कडेला घासून कॅन्सरच्या पेशी सांडू नयेत म्हणून. शेवटी प्रत्येक बाजूला एक ड्रेन. एका बाजूला दीड ते अडीच तास धरून चाला.

ड्रेन: घरच्यांचं खरं काम

बहुतेक रुग्ण ड्रेन लावलेलाच घरी जातो. दाबून सोडला की आत ओढून घेणारा प्लास्टिकचा डबा असतो, रोमोव्हॅक म्हणून ओळखतात. रोज सकाळी एकाच वेळी रिकामा करायचा. साबणाने हात धुवा. नळीवरची चिमटी बंद करा. झाकण उघडून पाणी मापाच्या भांड्यात ओता. डबा पूर्ण दाबून धरा, दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावा, मग चिमटी उघडा. क्रम चुकला, चिमटी उघडी ठेवून डबा दाबला, तर आतलं पाणी उलट जांघेत जातं. वहीत तारीख, उजवा-डावा, किती मिलिलिटर आणि रंग लिहा. दोन्ही बाजूंचं एकत्र लिहू नका, नळ्या वेगवेगळ्या दिवशी निघतात.

रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. हे ठीक. पाणी सलग दोन दिवस ५० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात (काही सर्जन ३० धरतात). त्याला आठवडा लागतो, काहींना तीन आठवडे. कंटाळून "काढून टाका" असा आग्रह धरू नका. लवकर काढली की तेच पाणी कातडीखाली साचतं आणि सुईने काढायच्या फेऱ्या सुरू होतात.

डबा पाण्याशिवायच पटकन फुगत असेल तर हवा शिरत आहे, जोड बघा. पाणी एकदम थांबलं आणि जांघ फुगू लागली तर नळी गुठळीने तुंबली आहे, त्याच दिवशी दाखवा. डबा लालभडक रक्ताने भराभर भरत असेल तर उजाडायची वाट बघू नका. पाणी गढूळ झालं, वास आला किंवा थंडी वाजून ताप आला तर संसर्ग. नळी काढल्यावर जांघेत लिंबाएवढा मऊ फुगा आला तर बहुधा आपोआप जिरतो. ताणला, दुखू लागला तर सोनोग्राफी करून स्वच्छ सुईने काढतात. गावात कुणाकडून टोचून घेऊ नका.

पाय सांभाळणं

दुसऱ्या दिवसापासून चालायचं. पडून राहिलं की पोटरीतल्या शिरेत गुठळी होते, आणि या ऑपरेशनमध्ये तो धोका मुळातच जास्त. म्हणूनच रोज पोटात हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन देतात. मुंबईहून परतताना रेल्वेत तासाभराने उठून डब्यात दोन फेऱ्या मारा, बसल्या जागी घोटे वर-खाली करा. एकच पोटरी घट्ट, दुखरी झाली किंवा अचानक दम लागला तर थेट तातडीच्या विभागात.

झोपताना पाय हृदयापेक्षा उंच ठेवा. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि मोटरसायकल हे सर्जन परवानगी देईपर्यंत नाही. घरी भारतीय संडास असेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची आधीच आणून ठेवा.

दाबमोजे मांडीपर्यंतचे आणि मापाने घ्यायचे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, रात्री काढायचे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा ते नकोसे होतात आणि नेमके त्याच दिवसांत सोडले जातात. उन्हात पाय जास्त सुजतो, म्हणून तेव्हाच ते जास्त लागतात. दोन जोड ठेवा, रोज धुवा, दुपारी सावलीत राहा. शेतात पाणी भरायला जाताना अनवाणी नाही. आतून कोरडे असलेले गमबूट घाला, घरी आल्यावर पाय धुऊन बेचके पुसा. भेगा ब्लेडने तासू नका. सुजलेल्या पायावर गरम तेलाचं मालिश, लेप, गरम लोखंडाचा डाग यातलं काहीही नको. कातडी फुटली की संसर्ग, आणि प्रत्येक संसर्गानंतर सूज थोडी कायमची वाढते.

शिंप्याच्या टेपने आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर, तीन जागी माप घ्या: घोटा, गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंटिमीटर आणि वर २० सेंटिमीटर. आधीच्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर वाढलं तर दाखवा. पाय लाल, गरम झाला आणि हुडहुडी भरली तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

रिपोर्ट आणि पुढच्या तारखा

नोडच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक बाजूला किती नोड निघाले, किती कॅन्सरचे, सगळ्यात मोठा केवढा आणि कॅन्सर नोडच्या आवरणाबाहेर पडला आहे का, हे चार आकडे-शब्द असायलाच हवेत. नसतील तर मागून घ्या. एका बाजूला एक-दोनच नोड कॅन्सरचे आणि आवरण शाबूत असेल तर बहुधा जांघेपुरतंच पुरतं. एका बाजूला तीन किंवा जास्त, किंवा आवरण फुटलेलं असेल, तर त्या बाजूच्या ओटीपोटातल्या नोडचं ऑपरेशन आणि पुढे केमो किंवा रेडिएशनचा विचार होतो. काही केंद्रं दोन नोडवरच हा विचार सुरू करतात.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. रोग उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, त्यामुळे या तारखा पेरणी-काढणीपायी चुकवू नका. मधल्या काळात महिन्यातून एकदा अंघोळ करताना दोन्ही जांघा, छिद्रांच्या जागा आणि लिंगावरची उरलेली कातडी बोटांनी चाचपा. वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा, आणि जाताना बायोप्सी, ऑपरेशनची नोंद, नोडचा रिपोर्ट आणि ड्रेनची वही एकाच पिशवीत न्या.